केसभर जास्त

काकांना कारखान्यात सगळे मायक्रॉन म्हणत. टूलरूममधल्या लेथवर त्यांनी उभी नोकरी काढली, आणि एवढ्या वर्षांत आपल्या हातून एकही जॉब साईझबाहेर गेला नाही, असं ते सांगत. खरंही असेल. पण ते स्वतःच इतक्यांदा सांगत की दुसऱ्या कुणी सांगायला जागाच उरत नसे. "साईझ म्हणजे साईझ" हे त्यांचं पालुपद होतं. पडद्याची दांडी बसवताना, चष्म्याचा स्क्रू आवळताना, एवढंच काय, काकूंनी चिरलेल्या काकडीच्या चकत्या ताटात पडल्या की त्यांच्याकडेही ते एक डोळा बारीक करून बघून घेत. खाताना मात्र जाड-पातळ सगळ्या खात.

निवृत्त झालेली माणसं काही ना काही खूळ काढतात. कुणी फिरायला लागतं, कुणी शेजाऱ्यांच्या गाड्या कुठे लागल्यात यावर पहारा ठेवतं. मुलगी नोकरीसाठी दूर गेली, तिची खोली रिकामी झाली, तशी काकांनी तिथे एक छोटा लेथ आणून बसवला आणि पेनं करायला घेतली. आधी लाकडाची केली. ती खाटेच्या पायांसारखी दिसत, पण काका खूश होते. मग कुणाकडे तरी त्यांनी रेझिनचं पेन पाहिलं. काचेसारखं गुळगुळीत, आणि आत दोन रंग एकमेकांत मिसळता मिसळता थांबलेले. त्या दिवसापासून लाकूड बाद झालं.

रेझिनचं पेन करायचं तर आधी रेझिनची कांडी ओतावी लागते. सांगायला सोपं आहे. दोन बाटल्यांतली रसायनं मापात एकत्र करायची, ढवळायची, रंगाची पूड घालायची, साच्यात ओतायची आणि दगडासारखं घट्ट होईपर्यंत वाट बघायची. यातलं वाट बघणं काकांना कधी जमलं नाही. ते भराभरा ढवळत, भसकन ओतत, आणि साचा उघडला की कांडीभर बुडबुडे. लेथवर चढवली की एकेका बुडबुड्याचा खड्डा होई. "मालच खराब आहे," काका म्हणत. लेथवाल्या माणसाचा माल नेहमी खराब असतो, हात कधीच खराब नसतो.

काकू हे सगळं दारातून बघत होत्या. मुलगी होईपर्यंत त्या रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायच्या कामावर होत्या. तिथे त्यांच्यासमोर पांढऱ्याच्या पट्ट्या ठेवत आणि त्या नुसत्या नजरेने सांगत की यात थेंबभर पिवळा जास्त पडलाय. मुलगी झाली, काम सुटलं, आणि ती नजर पुढे कपड्यांवरचे डाग शोधण्यात खर्ची पडली.

एकदा काका बाजारात गेले असताना काकूंनी रेझिनची बाटली कोमट पाण्यात ठेवली. घट्ट मध पातळ करायला आपण ठेवतो तशीच. मग हळूहळू ढवळलं, उंचावरून बारीक धार धरली, बुडबुडे वर यायला वेळ दिला. दोन वाट्यांत दोन रंग केले आणि नुसत्या बघत बसल्या. पाकाची तार यायचा एक क्षण असतो, त्याच्या आधीही चालत नाही आणि नंतरही नाही. तसा एक क्षण रेझिनलाही असतो. आधी ओतलं तर दोन्ही रंगांचा चिखल होतो, उशिरा ओतलं तर ते परक्यासारखे वेगवेगळे बसतात. काकूंना तो क्षण पहिल्याच वेळी सापडला.

काकांनी ती कांडी लेथवर चढवली आणि साली निघायला लागल्यावर त्यांच्या तोंडून "वा!" आलं. पॉलिश झाल्यावर पेन उजेडात धरलं तर आत गॅसच्या ज्योतीच्या बुडाशी असतो तसा निळा होता, आणि त्याच्या कडेला जळकट तांबडा. काकू गॅसकडे बघूनच तो करायला बसल्या होत्या.

"जमलं की तुला," काका म्हणाले. "आता असं कर, कांड्यांचं तूच बघत जा. माझा वेळ वाचेल."

त्यानंतर सगळ्या कांड्या काकूंनीच ओतल्या. फाटकावरच्या गंजाचा रंग, साबणाच्या पाण्यावर उमटतो तो रंग, जुन्या किटलीच्या आतला रंग. काका आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला मोकळे झाले. पण त्या ते सुरेख ओढत, हेही खरंच. दोन्ही टोकांच्या धातूच्या रिंगांना पेनाचं अंग असं काही भिडे की बोट फिरवलं तर सांधा कळू नये. पेनं लोकांना आवडायला लागली. लोक घरी येऊ लागले. काका 'पेनवाले काका' झाले आणि काकू 'पेनवाल्या काकांच्या घरच्या' झाल्या.

"हे रंग कसे हो साधता?" लोक विचारत.

काका पेन हातात फिरवत, जरा थांबत आणि म्हणत, "अनुभव. दुसरं काय?"

काकू तेव्हा चहा गाळत असत. पहिल्या वेळी त्यांना वाटलं, बोलण्याच्या ओघात राहून गेलं असेल. मग वाटलं, पुढच्या वेळी सांगतील. मग त्यांनी वाट बघणं सोडलं, म्हणजे सोडलं असं स्वतःला सांगितलं. एकदा मुलीचा फोन आला. "आई, बाबांच्या पेनांचे फोटो पाहिले. बाबांना रंगांची एवढी जाण आहे, मला माहीतच नव्हतं!"

"मलाही नव्हतं," काकू म्हणाल्या. मुलगी हसली, आणि विषय तिच्या स्वयंपाकाच्या बाईवर गेला.

आता हातमोज्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. लेथवर काम करताना हातमोजे घालायचे नाहीत, हा कारखान्यातला पहिला नियम. फिरत्या जॉबमध्ये मोज्याचं टोक अडकलं तर मागोमाग हात जातो. काकांनी तसं होताना पाहिलं होतं, त्यामुळे हा नियम त्यांच्या हाडात मुरलेला होता. काकूंनी एकदा विचारलं, "अहो, ते रेझिन हाताला लागतं, चिकट होतं. मोजे आणाल का?" तर काका ओरडलेच. "लेथच्या खोलीत मोजे? डोकं ठिकाणावर आहे का?" काकू लेथच्या खोलीत ओतत नव्हत्या, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओतत होत्या. पण काकांच्या लेखी काम म्हणजे लेथ आणि मोजे म्हणजे अपघात. बाकी विचार करायची त्यांना गरज वाटली नाही. आणि काकूंनीही परत विचारलं नाही. नवरा मशीनवरचा माणूस, त्याला कळत असेल, असं त्या धरून चालल्या. तिथे त्या चुकल्या.

आधी बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. मग मनगटाच्या वरपर्यंत पुरळ, मग पाण्याचे फोड, मग कातडी फाटायला लागली. पापण्या सुजल्या. काकूंनी साबण बदलला, तेल लावून पाहिलं, भांड्यांच्या पावडरीला दोष दिला. शेवटी त्वचेच्या डॉक्टरकडे जावं लागलं. डॉक्टरबाईंनी हात उलटसुलट करून पाहिले, काम विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे रसायन तुमच्या अंगाने आता शत्रू म्हणून लक्षात ठेवलंय," त्या म्हणाल्या. "ते कधीच विसरणार नाही. थेंब लागला तरी उठेल, वाफ लागली तरी उठेल. हे काम आता कायमचं बंद."

"पण मला तर काही होत नाही," काका म्हणाले. "मी दिवसभर त्यातच असतो."

"तुम्ही घट्ट झालेलं हाताळता. ओलं कोण हाताळतं?"

काका उठून दाराकडे वळले. बाहेर आल्यावर म्हणाले, "सांगायचंस ना मला, एवढं होतंय ते."

महिनोन्महिने काकू चिंधी गुंडाळलेल्या बोटांनी त्यांना चहा देत होत्या. कप घेताना बोटं दिसत नाहीत, असं दिसतं.

काम बंद झालं. हात थोडे वाळले. फोडांच्या जागी कातडी जांभळी झाली, मग जांभळ्याच्या कडेने पिवळी, आणि मध्ये कुठे कुठे नवी गुलाबी. काकू खिडकीपाशी बसून त्या रंगांकडे बघत. सवय जात नाही.

आणि अशात पेनवाल्यांच्या मंडळाचं बोलावणं आलं. हे मंडळ दरवर्षी प्रदर्शन भरवतं आणि एका कारागिराला मानाचं पेन करायला सांगतं. ते पेन सभेत हातोहात फिरतं आणि मग मंडळाच्या काचेच्या कपाटात कायमचं जातं, खाली करणाऱ्याच्या नावाची पितळी पट्टी लागते. यंदा मान काकांचा होता. काकांनी तीनदा चष्मा पुसला. मग कपाट उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की कांड्या संपल्यात.

विकतची कांडी मानाच्या पेनाला चालत नाही. काकांनी स्वतः एक ओतून पाहिली. साबणाचा फेस निघाला. दुसरी पाहिली. माल खराब होता.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि उगाचच पाणी प्यायले. "अगं," ते म्हणाले, "एकच कांडी. शेवटची. आता हवं तर मोजे घाल."

ते 'हवं तर' काकूंच्या डोक्यात गेलं. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते दोघांनी मिळून ऐकलं होतं. काकूंच्या जिभेवर चांगलं सणसणीत उत्तर आलं होतं. पण तेवढ्यात त्यांना दुसरंच काही सुचलं, आणि त्या म्हणाल्या, "बरं. करते."

"मला माहीत होतं तू नाही म्हणायची नाहीस," काका म्हणाले आणि निश्चिंत होऊन टीव्ही लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी दुहेरी मोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, खिडक्या उघडल्या. रंग त्यांनी समोर धरूनच जुळवला. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत उघडा ठेवून मनगटाच्या वरची कातडी बघत बघत. आधी जांभळा, मग तो पिवळा, शेवटी ती नवी गुलाबी, अगदी थेंबभर. ही कांडी त्यांनी नेहमीच्या साच्यात ओतली नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या एका सिरिंजच्या नळीत ओतली, कारण त्या नळीचं आतलं माप पेनाच्या तयार अंगापेक्षा जरासंच कमी होतं. काकांचा व्हर्निअर त्यांनी ते माप बघायला दुपारीच घेतला होता. इतकी वर्षं मायक्रॉनबरोबर संसार करून एवढं यायलाच हवं.

कांडी घट्ट झाल्यावर त्यांनी ती बाहेर काढली, बारीकातला बारीक ब्रश घेतला आणि पांढऱ्या रंगाने तिच्या अंगावर आपलं नाव लिहिलं. नुसतं नाव. कुणाची कोण ते नाही. फुटलेल्या बोटांत ब्रश धरवत नव्हता, मोज्यातून अंदाज येत नव्हता, पण अक्षर चांगलं उतरलं. मग ती कांडी मोठ्या साच्यात मधोमध ठेवून त्यांनी वरून स्वच्छ, किंचित धुरकट रेझिन ओतलं. वरून पाहिलं तर आत काही आहे हे कळू नये इतकं धुरकट. लेथवर वरचा थर उतरत गेला की नाव हळूहळू वर येणार होतं, आणि साईझ आली की केसाएवढ्या पातळ थराखाली कायमचं राहणार होतं. नळीचं माप म्हणूनच जरासं कमी निवडलं होतं. काकूंनी टोकाला मध्यबिंदू टिंबाने दाखवून ठेवला, म्हणजे भोक सरळ पडेल.

काकांना त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते 'हो' म्हणाले असते नाही तर 'नाही', आणि त्या 'हो'ला काही किंमत राहिली नसती. त्यांना बघायचं होतं की लेथसमोर एकटं उभं असताना, समोर बायकोचं नाव वर येताना दिसलं की हा माणूस काय करतो. बस. पेनाची, पितळी पट्टीची, मंडळाची त्यांना काही पडली नव्हती. पट्टीवर खुशाल काकांचं नाव असू दे. आत त्यांचं असलं की झालं.

कांडी हातात देताना त्या एवढंच म्हणाल्या, "साईझवर थांबा हं. केसभरही जास्त घेऊ नका."

काका हसले. "मला सांगतेस? मला?"

त्यांनी दार लावून घेतलं, कारण भुकटी उडते. काकू भिंतीच्या अलीकडे भाजी निवडायला बसल्या. लेथचा आवाज त्यांना पाठ होता. आधी ड्रिलचा जड घुमणारा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही, म्हणजे आत पितळी नळी चिकटवून ती सुकत होती. मग पटाशी लागली. चौकोनी कांडीचे कोपरे उडतात तेव्हा खडखड होतं, गोल झाली की खडखड थांबते आणि सुरसुर सुरू होते, लांबच लांब साल निघते त्याची. सुरसुर लागली. काकूंच्या हातातली शेंग हातातच राहिली. आता धुरकट थर उतरत असेल. आता कडा दिसत असतील. आता पहिलं अक्षर.

लेथ थांबला.

काकू उठून उभ्या राहिल्या. आत काही आवाज नव्हता. पाऊल नाही, खोकला नाही. काका बघत होते. त्यांनी नक्की पाहिलं होतं. आता दार उघडेल आणि "अगं, इकडे ये" अशी हाक येईल, या आशेने काकूंनी पदर सारखा केला, केस मागे घेतले. नव्या नवरीसारख्या उभ्या होत्या त्या, एवढ्या वयात, भाजीची पाटी पायाशी ठेवून.

मग लेथ सुरू झाला. पुन्हा तीच सुरसुर. काही फार वेळ नाही, पण जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. मग पॉलिश पेपरचा घासण्याचा आवाज आला.

काकू खाली बसल्या आणि त्यांनी उरलेली भाजी निवडली. त्यांच्याशिवाय कोण निवडणार होतं?

काका बाहेर आले तेव्हा पेन मऊ कापडात गुंडाळलेलं होतं. "उद्या सभेतच बघ," ते म्हणाले, "मजा येईल." आणि मग काकूंनी जन्मात न पाहिलेली गोष्ट पाहिली. काकांनी केरसुणी घेतली, लेथखालच्या साली स्वतः झाडल्या, कागदात बांधल्या आणि पुडकं खाली कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. घरात लेथ आल्यापासून त्या साली रोज काकू काढत होत्या. काकांना केरसुणी कुठे असते हे ठाऊक आहे, हेच त्यांना नवीन होतं.

रात्रीपासून हातांवर पुन्हा फोड उठायला लागले.

सभागृहात पंखे मोठ्याने फिरत होते. काकू दुसऱ्या रांगेत सुती मोजे घालून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी काकांच्या कारखान्यातले जुने फोरमन होते. या दोघांची उभ्या नोकरीत रोज भांडणं होत आणि त्यामुळे मैत्री टिकली होती. अध्यक्षांनी काकांचा सत्कार केला. काका बोलायला उभे राहिले, आणि साईझ, संयम, साधना वगैरे सगळं झालं. शेवटी म्हणाले, "रंग हा माणसाच्या आतून यावा लागतो."

ते रंग आतून म्हणजे कुठून आले होते, ते काकूंच्या मोज्यांच्या आत होतं.

पेन हातोहात फिरू लागलं. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "काय रंग आहे! सूर्यास्तच बघतोय असं वाटतं." मागच्याने मान डोलावली. सगळ्यांना सूर्यास्त पटला. पेन काकूंकडे आलं तेव्हा त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला आणि ते सावकाश फिरवलं. जांभळा, पिवळा, गुलाबी. नाव नव्हतं. ते नसणार हे त्यांना कालपासून माहीत होतं, तरी त्यांनी पूर्ण एक वळसा पाहिला. मग सवयीने अंगठा रिंगेवरून पेनाच्या अंगावर आणला, आणि अंगठ्याला पायरी लागली. पेनाचं अंग रिंगेच्या खाली गेलं होतं. केसभर. ज्या माणसाने काकडीच्या चकत्या मापल्या, त्याने मानाच्या पेनाला साईझ सोडली होती.

त्यांनी पेन फोरमनना दिलं. फोरमननी ते पाहिलंच नाही, थेट अंगठा फिरवला. आणि जागेवरूनच ओरडले, "ए मायक्रॉन! हे काय रे? खाली गेलास की! तू आणि अंडरसाईझ?"

सभा हसली. काकांचा चेहरा पडला. अख्ख्या नोकरीत हा शब्द त्यांना ऐकायला लागला नव्हता, आणि आज माईकसमोर ऐकायला लागला. त्यांनी घसा खाकरला.

"माझी इच्छा नव्हती," ते म्हणाले. "पण मालात डाग निघाला. काढावा लागला. काय आहे, कास्टिंग आमची ही करते, घरच्या घरी. आता तिचे हात असे झालेत, त्यामुळे व्हायचंच. मी काही बोललो नाही तिला."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चारचौघांत सांगितलं की कांड्या बायको ओतते. लोकांनी वळून काकूंकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, आणि 'चुकतं एखाद्या वेळी' अशा समजूतदार माना हलवल्या. अध्यक्ष म्हणाले, "अरे वा! म्हणजे वहिनींचाही खारीचा वाटा आहे तर."

"वहिनी, कसला डाग होता हो?" फोरमननी विचारलं. त्यांना खरंच कुतूहल होतं.

काकू उभ्या राहिल्या नाहीत. बसूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझं नाव होतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्यामागे सगळं सभागृह खो खो हसायला लागलं. टाळ्या पडल्या. "काकू, मानलं तुम्हाला!" मागून कुणी ओरडलं. अध्यक्षांनी डोळे पुसत सांगितलं की नवऱ्याची अशी बिनपाण्याने करणारी बायको घराघरात असते. सगळ्यांत मोठ्याने काका हसत होते. एकटे फोरमन हसले नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा अंगठा त्या पायरीवरून फिरवला, काकूंकडे पाहिलं आणि पेन पुढच्याला देऊन टाकलं. पुढे पेन कपाटात गेलं, कुलूप लागलं.

घरी आल्यावर दाराशी काकूंच्या बोटांत किल्ली धरवेना, म्हणून काकांनी ती घेतली. कुलूप उघडताना, पाठमोरेच ते म्हणाले, "अक्षर मात्र छान आलं होतं हं तुझं."

ते अगदी प्रेमाने म्हणाले. त्यात काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच काकूंना तिथेच पायरीवर बसावंसं वाटलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय? मानाचं पेन आहे ते, मंडळाच्या कपाटात राहणार. त्याच्यावर घरातलं नाव बरं दिसतं का? लोक काय म्हणतील, सगळं बायको करते आणि हा नुसता मिरवतो?" त्यांनी दार ढकललं. "तुला हवं तर दुसरं करून देईन. तू कांडी ओत, मी..." आणि तिथे ते थांबले. पुन्हा हात तसे झालेत हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं.

काकूंनी चपला काढल्या, जागेवर ठेवल्या. भांडायला त्यांच्याकडे पुष्कळ होतं. पण यातलं काहीही या माणसाला लागणार नाही, हे त्यांना आता कळून चुकलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी. लागेल असं एकच होतं, तेवढं त्या म्हणाल्या.

"साईझ चुकली तुमची."

काका गर्रकन वळले. सभेत पडला होता त्याहून जास्त त्यांचा चेहरा पडला होता. "चुकली? माझी? काही चुकली नाही! मुद्दाम घेतली मी. केसभर जास्त, मोजून घेतली!"

"हो ना," काकू म्हणाल्या. "मोजून घेतलीत."

त्या आत गेल्या आणि हातांना मलम लावत बसल्या. काका लेथच्या खोलीत दिवा लावून व्हर्निअर पुसत राहिले. साईझ चुकली असं बायको म्हणाली, तेवढंच त्यांना लागलं होतं.